बाळ्याची गाडी

पुण्यात कर्वेनगरात कॅनॉलच्या रस्त्यावर सकाळी साडेसहाला मला दोन तऱ्हेचे लोक थांबवतात. पहिले मी ढकलत असलेल्या, बाबागाडीसारख्या गाडीत डोकावतात. आत गुटगुटीत बाळ असेल या अपेक्षेनं त्यांनी तोंडावर हसू आणलेलं असतं. तिथे २७ किलोचा, तोंड पांढरं झालेला कुत्रा पसरलेला दिसला की दचकून म्हणतात, "अगं बाई, याला काय झालं?" त्यातून त्याचं नाव बाळ्या, म्हणजे "बाळ आहे का?" या प्रश्नाला मी "हो, बाळ्याच" म्हणाले की गोंधळ वाढतो. दुसऱ्या तऱ्हेचे लोक कुत्र्याकडे बघतच नाहीत. ते चाकं बघतात, वाकून ब्रेक दाबून पाहतात आणि हळूच विचारतात, "कुठली बघून घेतलीत? आमचीही आता बारा वर्षांची झालीय, जिना उतरत नाही."

हे त्यांच्यासाठी. रस्त्यात उभं राहून सांगता येत नाही, कारण गाडी थांबली की बाळ्या भुंकतो.

बाळ्या तेरा वर्षांचा. आई लॅब्रेडॉर, वडिलांबद्दल सोसायटीत दोन मतं आहेत. लॅब्रेडॉरांचे खुबे उतारवयात त्रास देतात तसे याचेही द्यायला लागले. आधी सोफ्यावर उडी मारणं बंद झालं, मग घरातल्या गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकायला लागले. एके दिवशी फिरायला गेलो असताना घरापासून अर्ध्या किलोमीटरवर तो रस्त्याच्या कडेला बसला तो बसलाच. ओढता येईना, उचलता येईना. मी घरी फोन केला, नवरा चादर घेऊन आला आणि आम्ही दोघांनी त्याला झोळीत घालून आणलं. वाटेत एका माणसानं "गेला का?" असं विचारलं. बाळ्यानं त्याच्याकडे मान वळवून पाहिलं.

त्याच रात्री मी गाडी मागवली, आणि अर्थातच चुकीची.

फोटोत एक झुबकेदार केसांचा छोटा कुत्रा ऐटीत बसला होता. खाली ३० किलोपर्यंत चालेल असं लिहिलेलं. आमचा २७चा, म्हणजे तीन किलो हातचे राहिले, असा माझा हिशेब. उंची मोजली, बसला की मावतो हेही पाहिलं. गाडी आली, तो मावला. कसा? जुन्या सहा आसनी रिक्षात आठवा प्रवासी मावायचा तसा. तळ म्हणजे ताणलेलं कापड आणि वर पातळ पुठ्ठा. त्याचं वजन पडल्याबरोबर त्याची झोळी झाली, कुत्रा मध्यभागी घसरला आणि कंबर वाकडी. चाकं प्लॅस्टिकची, वाटीएवढी. पेव्हर ब्लॉकवर गाडी अशी थडथडली की मलाच दात आवळून चालावं लागलं. विकणाऱ्यानं खोकं उघडलंय म्हणून परत घ्यायला नकार दिला.

चूक माझ्या मापात होती. खुबे दुखणारा कुत्रा फारसा बसत नाही, त्याला बसणं आणि उठणं हेच सगळ्यात जड जातं. तो आडवा होतो, एका कुशीवर, पाय बाहेर टाकून. तेव्हा माप घ्यायचं ते झोपलेल्या कुत्र्याचं. रात्री तो गाढ झोपला की शिंप्याची टेप घ्या. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत आणि पाठीपासून पंज्यांपर्यंत मोजा. बाळ्या भरला ९२ बाय ५८ सेंटीमीटर. तेवढी जागा गाडीत मिळत नाही, पण मान थोडी वळवून, पाय थोडे दुमडून तो ८० बाय ५०मध्ये आरामात राहतो, हे जमिनीवर खडूनं चौकट काढून त्यात त्याचं अंथरूण घालून आठवडाभर पाहिलं. आणि हो, जाहिरातीत दिलेली लांबी बहुतेक वेळा दांड्यासकट बाहेरून मोजलेली असते. विचारायची ती आतल्या तळाची.

वजनाचंही तसंच. ३० किलो चालेल म्हणतात ते सपाट जागी, शांत पडलेल्या ओझ्याचं समजा. फूटपाथवरून पुढची चाकं खाली आपटली की सगळा भार क्षणभर त्या दोन चाकांवर येतो, आणि समोरून मांजर गेलं की आतलं ओझं उठून उभं राहतं. मी आता वजनाच्या वर निदान पाव हिस्सा मोकळा ठेवावा या मताची आहे. २७ किलोला ३५च्या पुढची. वजन दवाखान्यातल्या काट्यावर करा, अंदाजानं नको, आपला कुत्रा सगळ्यांनाच हलका वाटतो. २७ हा माझा अंदाज, बाळ्या तेव्हा खरं तर ३० किलोचा होता. डॉक्टरांनी गाडीचा विषय ऐकून घेतला आणि आधी पोळ्या बंद केल्या. चार महिन्यांत तीन किलो उतरले. कुठल्याही गाडीपेक्षा त्याच्या सांध्यांना तेवढ्यानं जास्त बरं वाटलं असावं, घरात तो पुन्हा स्वयंपाकघरापर्यंत यायला लागला. पोळीच्या आशेनं का होईना.

मग चाकं. इथे थोडी वंशावळ सांगते, कारण माझ्या पहिल्या गाडीचं सगळं दुखणं तिच्यात आहे. छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश इंजिनियरनं १९६५मध्ये तयार केली. हा माणूस विमानाच्या कामातला, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यानं काम केलेलं. ॲल्युमिनियमच्या नळ्या, लहान चाकं, कापडाची बैठक, एका हातानं मिटवून विमानात चढता येईल अशी वस्तू. दहा किलोचं, बसून राहणारं मूल गुळगुळीत फूटपाथवरून न्यायला ती झकास. माझी पहिली गाडी तिचीच लांबची पणती होती आणि तिच्यात मी बसता न येणारं ३० किलो घालून कॅनॉलच्या खडीवर निघाले होते.

आताच्या गाडीला मागे १२ इंची, ट्यूबवाली चाकं आहेत. कोपऱ्यावरचा सायकलवाला हवा भरतो, पंक्चर काढतो आणि पैसे घेताना हसतो. मोठं, हवेचं चाक खड्डा गिळतं, लहान कडक चाक तो खड्डा कुत्र्याच्या कमरेपर्यंत पोचवतं. पुढची चाकं गरकन फिरणारी हवीत, म्हणजे लिफ्टसमोर वळता येतं, पण त्यांना सरळ अडकवणारा खटकाही हवा, नाहीतर खडीवर ती वेडीवाकडी पळतात. ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना एकदम लागतो का ते पाहा. चप्पल घालून दाबता येतो का तेही पाहा, आपण काही फिरायला बूट घालून जाणारी माणसं नाही.

तळ मात्र बाजारातल्या कुठल्याच गाडीचा मला पसंत पडला नाही. सुताराकडून ९ मिलिमीटरचं प्लायवूड कापून घेतलं, कडा घासून घेतल्या. त्यावर दोन इंची घट्ट फोम, त्याला रेक्झिनचं कव्हर आणि वर जुनी सुती चादर. रेक्झिन हवंच, कारण म्हाताऱ्या कुत्र्याला कधीकधी शू आवरत नाही. पण नुसत्या रेक्झिनवर पंजे घसरतात, म्हणून चादर. प्लायवूडचे दोन किलो वजनाच्या हिशेबात धरायला विसरू नका, मी विसरले होते.

आता लिफ्ट. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पहिली गाडी दारातून शिरली पण मागे दांडा बाहेर, दार लागेना. दुसरी घेण्याआधी मी फ्रिजच्या जुन्या खोक्याचा पुठ्ठा गाडीच्या मापानं कापला आणि तो घेऊन लिफ्टमध्ये उभी राहिले. वॉचमन बराच वेळ बघत होता, काही बोलला नाही. आमच्या लिफ्टचं दार ७० सेंटीमीटरचं, आतली खोली एक मीटर. म्हणजे चाकं धरून ६५च्या वर रुंदी नको, आणि दांडा खाली दुमडला गेला पाहिजे. तुमचं दार वेगळं असेल. मोटारीची डिकीसुद्धा अशीच मोजा, दवाखान्यात जायचं असतंच. मिटवलेल्या गाडीचं माप आणि वजन विचारा. आमची १५ किलोची आहे, तिला डिकीत ठेवणं हे नवऱ्याचं काम, असं ठरलेलं आहे.

चढणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. छोट्या कुत्र्याला उचलून ठेवलं की झालं. फक्त डॅशहुंडसारखा लांब पाठीचा असेल तर एक हात छातीखाली, एक मागच्या बाजूला, आणि पाठ आडवी सरळ. मोठ्याला रोज चार वेळा उचललंत तर पहिल्या महिन्यात तुमची कंबर जाईल. म्हणून मागचा पडदा पूर्ण खाली पडणारी आणि तळ जमिनीपासून कमी उंचीवर असलेली गाडी बघा. आमचा तळ ३० सेंटीमीटरवर आहे. सव्वा मीटर लांबीची फळी, तिच्यावर जुन्या योगा मॅटचा तुकडा चिकटवलेला, त्यावरून बाळ्या स्वतः चढतो. मी पोटाखालून टॉवेल धरून मागचा भाग सावरते. यात एक गंमत पहिल्या दिवशी कळली. कुत्रा मागच्या कडेवर पाय ठेवतो तेव्हा ब्रेक लावलेला असला तरी पुढची चाकं वर उचलली जातात. कुणीतरी पुढून धरायला हवं, किंवा गाडी भिंतीला टेकवून पुढे विटांची पिशवी ठेवायला हवी. आमच्याकडे पिशवी आहे.

आत एक छोटा पट्टा असतो, तो छातीच्या हार्नेसला लावायचा. गळ्याच्या पट्ट्याला कधीही नाही. कुत्र्यानं बाहेर झेप घेतली तर तो गळ्यावर लटकेल. लांबी एवढीच, की आडवं होता यावं पण कडेवर पाय टाकता येऊ नयेत.

सवय लावायला दहा दिवस घेतले. पहिले तीन दिवस गाडी हॉलमध्ये नुसती उभी, ब्रेक लावून, आत उकडलेल्या चिकनचे तुकडे. चौथ्या दिवशी तो आत झोपला आणि बाहेर यायला तयार होईना.

उन्हाळ्यात सकाळी सातनंतर आम्ही बाहेर नसतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि बंद गाडीत स्वतःचीच गरम हवा त्याच्या तोंडावर येत राहते. जाळी चारही बाजूंनी हवी. पावसाळ्याचं प्लॅस्टिकचं आवरण सोबत मिळतं, ते मी दोनदा वापरलं. आत वाफ धरते. त्यापेक्षा मोठी छत्री आणि थोडं भिजणं परवडलं.

"मग आता तो चालतच नाही का?" हा पुढचा प्रश्न. चालतो ना. गाडी त्याला चालायच्या जागेपर्यंत न्यायला आहे. सोसायटीचा उतार, सिमेंटचा रस्ता, मोकाट कुत्र्यांचा चौक एवढं तो गाडीत बसून पार करतो आणि जिथे माती लागते तिथे उतरून दहाबारा मिनिटं स्वतःच्या पायांनी वास घेत हिंडतो. पूर्वी ही दहा मिनिटं मातीपर्यंत पोचण्यातच संपायची. दिवसभर गाडीत बसवून ठेवलं तर मांड्यांचं उरलंसुरलं मांस झडेल, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. चाकांची खुर्ची, म्हणजे मागचे पाय अडकवून पुढच्या पायांनी चालायची, ती निराळी वस्तू. तिला पुढचे पाय खणखणीत लागतात आणि तिच्यात आडवं होता येत नाही. बाळ्याच्या पुढच्या कोपरांतही संधिवात आहे, त्यामुळे आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

दोन गोष्टी मात्र थांबवून सांगते. कालपर्यंत नीट चालणारा कुत्रा आज एकाएकी मागचे पाय फरफटत असेल तर गाडी शोधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाठीच्या मणक्यातली गादी सरकलेली असू शकते आणि तिथे तास मोजावे लागतात. दुसरं, आपल्या घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन कुत्र्याला देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा नको. त्यांची वेगळी औषधं असतात, डॉक्टर लिहून देतात.

लोक हसतात का? हसतात. तळमजल्यावरच्या आजींनी पहिल्याच दिवशी ऐकवलं, "माणसांना ढकलायला कोणी नाही, आणि कुत्र्याला रथ!" मी त्यांना सांगितलं, की दक्षिण कोरियात २०२३मध्ये एका मोठ्या ऑनलाइन बाजारात बाळांच्या गाड्यांपेक्षा कुत्र्यामांजरांच्या गाड्या जास्त खपल्या. "तिकडे पोरं होत नाहीत म्हणून," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं.

त्या पहिल्या गाडीचं काय झालं, हेही विचारतात. ती वर्षभर पार्किंगमध्ये पडून होती. दिवाळीच्या आधी आजींचे गुडघे धरले, तेव्हा त्यांनीच एकदा आडून विचारलं. आता मंडईतून कांदे-बटाटे तिच्यातून येतात. झोळीसारखा तळ भाजीला बरा पडतो म्हणे. फक्त पेव्हर ब्लॉकवर टोमॅटो चेपतात, अशी त्यांची तक्रार आहे.