नावं जाऊ देत, मग उठू

परवा रविवारी कोल्हापूरला मावशीकडे गेलो होतो आणि रात्री जेवणं झाल्यावर तिथे जो विषय निघाला तो दोन दिवस झाले डोक्यातनं जात नाही, म्हणून लिहायला बसलोय. विषय व्हिडिओ गेमचा आहे पण सुरुवात पिक्चरपासून करतो, आमच्या घरात सगळं तिथनंच सुरू होतं.

मावशीचे यजमान, आमचे काका, टॉकीजचे बोर्ड रंगवायचे. आताचे छापील फ्लेक्स नव्हेत, हाताने रंगवलेले. फोटोवर पेन्सिलने बारीक घरं पाडायची, तेवढीच घरं खडूने मोठ्या कापडावर पाडायची आणि मग एकेक घर भरत जायचं, आज नाक तर उद्या डोळा. शुक्रवारी पिक्चर लागायचा म्हणजे गुरुवारी रात्री त्यांच्या अंगणात टर्पेंटाइनचा वास आणि मावशीची चहाची तिसरी फेरी ठरलेली. पिक्चर उतरला की त्याच कापडावर पांढऱ्या रंगाचा हात मारून पुढचा पिक्चर, त्यामुळे काकांनी आयुष्यभर केलेल्या कामातलं आज घरात काहीही शिल्लक नाही, दोन फोटो सोडले तर. सही ते खाली उजव्या कोपऱ्यात करायचे, दोनच अक्षरं, आणि बऱ्याचदा ती लाकडी चौकटीखाली दबून जायची.

काकांची एक सवय होती. जुन्या पिक्चरला नावं सुरुवातीला यायची म्हणून आम्हाला पंधरा मिनिटं आधी नेऊन बसवायचे, आणि पुढे नावं शेवटी यायला लागली तेव्हा लाइटी लागल्या, लोक चपला शोधायला लागले, झाडूवाला आत आला तरी हे बसलेले. “नावं जाऊ देत, मग उठू.” कारण त्यात एखादा लाइटवाला, एखादा मेकअपवाला ओळखीचा निघायचा. कोल्हापूरच तसं आहे ना, बाबूराव पेंटर मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे, त्यांनी इथे स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला, १९२९ ला इथेच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. इथल्या माणसाला पडद्यामागची माणसं माहिती असतात.

आता त्याच टॉकीजच्या सायकल स्टँडला लागून एक गाळा होता, त्यात गेमची चार मशीनं. एक रुपयाला एक कॉइन. तिथे आम्ही सगळे मुस्तफा खेळायचो. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ ला काढलेला, पण हे मला फार नंतर कळलं, आमच्यासाठी तो पिवळ्या टोपीवाला पळत येऊन लाथ मारणारा मुस्तफा आणि गेमचं नावही मुस्तफाच. नंतर कळलं की नागपूरच्या पोरांनीही त्याला हेच नाव दिलेलं, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं तरी. गाळेवाल्याचा सगळा धंदा टॉकीजच्या गर्दीवर, तिकीट मिळालं नाही की पोरं गाळ्यात, शो सुटला की परत गाळ्यात. पिक्चर मोठा आणि गेम त्याच्या आडोशाला उभा, असंच ते होतं आणि घरच्यांच्या लेखी पिक्चरला जाणं चालायचं, गाळ्यात दिसणं म्हणजे पोरगं वाया गेलं.

जगातही तेव्हा साधारण हेच चाललेलं. १९८२ साली अटारी या अमेरिकन गेम कंपनीने ई.टी. या गाजलेल्या पिक्चरवरनं गेम काढला, नाताळच्या आत दुकानात पाहिजे म्हणून एका प्रोग्रॅमरने तो पाच आठवड्यांत लिहिला, आणि खपला नाही म्हणून पडून राहिलेल्या कॅसेट ट्रकात भरून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या. २०१४ मध्ये लोकांनी तिथे जाऊन त्या उकरूनही काढल्या. म्हणजे पिक्चर चालला की त्याची शिल्लक गोळा करायला गेम. आणि आता बघा, २०२३ मध्ये मारिओ या गेमवर ॲनिमेशन पिक्चर आला त्याने १.३ अब्ज डॉलरच्या वर धंदा केला, त्याच वर्षी लास्ट ऑफ अस या गेमवरची सिरीयल एचबीओवर आली आणि ज्यांनी आयुष्यात हातात रिमोटशिवाय काही धरलं नाही ते लोकही ती बघून रडले. आता पिक्चरवाले गेमवाल्यांच्या दारात गोष्ट मागायला उभे आहेत. पैशाचं म्हणाल तर २०२३ ला जगभरातल्या थेटरांची तिकीटविक्री ३४ अब्ज डॉलरच्या आसपास होती आणि गेमचा धंदा १८० अब्जांच्या घरात. जीटीए ५ हा एकटा गेम २०१३ मध्ये आला तेव्हा तीन दिवसांत त्याने १ अब्ज डॉलर केले.

हे आकडे मी नातेवाइकांना सांगून बघितलेत, उपयोग होत नाही. कारण गेम म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर दोनच गोष्टी येतात, एक पबजी आणि दुसरी ती रमीची जाहिरात. त्या रमीवाल्यांनी गेम या शब्दाची जेवढी नासाडी केली तेवढी कोणी केली नसेल, मोठमोठे नट येऊन पैसे लावून पत्ते खेळायला सांगत होते आणि त्याला गेमिंग म्हणत होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे गेम, त्यातनं वेगळे काढले, हे फार बरं झालं असं मला मनापासून वाटतं. पण घरोघरी जो गोंधळ व्हायचा तो होऊन गेलाय.

आणि तो गोंधळ आमच्या घरात कोणाला नडतो, तर काकांच्या पोराला. माझा मावसभाऊ, आम्ही बारक्या म्हणतो. त्याने आर्ट स्कूल केलं, मग पुण्यात ॲनिमेशनचा कोर्स, आणि एका स्टुडिओत एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट म्हणून लागला. म्हणजे गेममध्ये माणसं आणि राक्षस सोडून जे जे दिसतं ते, भिंती, पायऱ्या, बादल्या, कौलं, चिखल. हा स्टुडिओ परदेशातल्या मोठ्या गेमचं काम घेतो, आणि करारात लिहिलेलं असतं की गेम बाजारात येईपर्यंत कोणासाठी काय करताय हे घरीही बोलायचं नाही. स्थळ बघायला गेल्यावर मुलीच्या मामांनी विचारलं, “गेम खेळायचा पगार देतात का तुम्हाला?” आणि या पोराला धड उत्तर देता येईना कारण खरं सांगायचीच बंदी.

मी एकदा पुण्याला त्याच्या रूमवर राहिलो होतो तेव्हा त्याचं काम जवळनं बघितलं. तो एक दार करत होता. लाकडी दार, लोखंडी कडी, बस. त्यासाठी आम्ही सकाळी कसब्यातल्या एका जुन्या वाड्यापुढे जाऊन उभे राहिलो, आणि ऊन पडायला लागलं तसा तो म्हणाला, “चल दादा, आज नाही होणार.” दुसऱ्या दिवशी ढगाळ होतं तेव्हा फोटो काढले. मी विचारलं का रे, तर म्हणाला की उन्हातल्या फोटोत सावली आधीच चिकटून येते, आणि गेममध्ये दिवा दुसऱ्या बाजूला असला की ती सावली खोटी पडते, म्हणून रंग घ्यायचा तो सावलीशिवाय घ्यायचा आणि उजेड नंतर गेमच्या आत पाडायचा. मग रूमवर येऊन लाकडाच्या रेषा, खिळ्याभोवतीचा काळेपणा, लोकांचे हात लागून कडीजवळ आलेली झिलई, हे सगळं थरावर थर. चार दिवस. खेळणारा त्या दारापुढनं तीन सेकंदांत पळत जाणार. मला तेव्हा अंगणातलं ते कापड आठवलं, खडूची घरं, आज नाक उद्या डोळा. बापाचंच काम पोरगं करतंय, फक्त कापड बदललंय, आणि हे मी त्याला बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला की गंज कसा दाखवायचा हे पप्पांनीच शिकवलंय, गंज कडीच्या खालनं ओघळतो, वर चढत नाही.

चौदा महिने त्याने त्या गेमवर काम केलं. मागच्या दिवाळीच्या सुमारास गेम आला तेव्हा त्याने प्लेस्टेशन घरी नेला, टीव्हीला जोडला आणि काका-मावशीला समोर बसवून त्या गल्लीपर्यंत खेळत नेलं. आणि दारापुढे थांबला. मागे लढाई चालूय, कोणीतरी ओरडतंय, आणि हा शांत उभा. काका उठले, चष्मा लावून टीव्हीच्या पार जवळ गेले, कडीच्या खाली बोट ठेवलं आणि म्हणाले, “ओघळ बरोबर उतरलाय की रं.” एवढंच. पण बारक्याचा चेहरा मी बघितला.

मग काका म्हणाले, नावं लाव. हल्लीच्या मोठ्या गेमची नावं अर्धा अर्धा तास चालतात, हजारो माणसं असतात. काका सगळी बसले. हिशोबवाले आले, कायद्याचे लोक आले, कोणत्या कोणत्या देशातली भाषांतर करणारी माणसं आली. बारक्याच्या स्टुडिओचं नाव आलं, एका ओळीत, आणि त्याच्याखाली एकही माणूस नाही. चाळीसेक पोरापोरींनी चौदा महिने रात्री जागवल्या आणि एक ओळ. मावशी म्हणाली, परत लाव, हुकलं असेल. त्याने परत लावलं. दुसऱ्यांदा मला तिथे बसवेना, मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

बाहेरनं काम घेणाऱ्या स्टुडिओंच्या बाबतीत या धंद्यात हे सर्रास होतं आणि मला त्याचा राग येतो, उघड सांगतो. यात नवीन काहीच नाही हे बघून तर जास्त येतो. अटारीत सत्तरच्या दशकात हेच होतं, गेम लिहिणाऱ्याचं नाव कुठेच छापायचे नाहीत. त्यांच्यातला वॉरन रॉबिनेट नावाचा प्रोग्रॅमर, त्याने ॲडव्हेंचर या गेममध्ये गुपचूप एक लपवलेली खोली केली, तिथे पोचायला एका रंगाचा एक ठिपका उचलून न्यावा लागायचा, आणि आत गेलं की उभं नाव, हा गेम वॉरन रॉबिनेटने बनवला. साहेबांना पत्ताच नाही. १९८० मध्ये गेम बाजारात गेला तेव्हा रॉबिनेट नोकरी सोडूनही गेला होता, आणि ती खोली शोधून काढली एका पोराने. आज गेममध्ये लपवलेल्या गमतींना सगळे ईस्टर एग म्हणून कौतुकाने शोधतात, त्यातली ही पहिली गाजलेली, आणि ती गंमत म्हणून केलेलीच नव्हती, माणसाला आपलं नाव पाहिजे होतं. त्याच अटारीतनं चार प्रोग्रॅमर नाव आणि वाटा मिळत नाही म्हणून बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली, गेमच्या खोक्यावर आणि पुस्तिकेत करणाऱ्याचं नाव छापायला लागले. तीच ॲक्टिव्हिजन २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जवळपास ६९ अब्ज डॉलरला घेतली. नावासाठी सुरू झालेली कंपनी, इतकी मोठी झाली.

तर परवाचं सांगत होतो. बारक्याने रविवारी राजी लावला होता. हा गेम पुण्याचा, नॉडिंग हेड्स गेम्स म्हणून छोटा स्टुडिओ आहे, २०२० मध्ये त्यांनी काढला. राजी नावाची डोंबारी खेळ करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्रिशूळ घेऊन त्याला शोधायला निघते, आणि वरनं दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसात बोलत असतात. मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितल्यात. रंग सगळे पहाडी चित्रांतले, इमारती राजस्थानी किल्ल्यांच्या वळणाच्या. मारामारी मला जरा अडखळत वाटली आणि शेवट एकदम तुटल्यासारखा येतो, हे खरंय, पण काकांनी तिथे दर पाच मिनिटांनी “थांब, थांब, भिंत बघू दे” म्हणून खेळ थांबवलाय, असं कोणत्याही गेमला झालेलं नाही आमच्याकडे.

बारक्याने मग त्याची गोष्ट सांगितली. २०१७ ला या लोकांनी किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडनं वर्गणी गोळा करायच्या साइटवर, पैसे मागितले ते जमले नाहीत, आणि स्टुडिओ चालू ठेवायला संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. मावशी लगेच म्हणाली, म्हणजे फाळक्यांसारखंच की. बरोबर आहे तिचं. दादासाहेबांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, तेव्हा १९१३ ला राजा हरिश्चंद्र आला. आणि तेव्हा पिक्चरात काम करायला बायका तयार नव्हत्या, हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके तारामती झाला, एवढं ते काम लोकांना हलकं वाटायचं. आज त्याच फाळक्यांच्या नावाने देशातला पिक्चरचा सगळ्यात मोठा पुरस्कार आहे. काका म्हणाले की त्यांच्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनीही हेच विचारलेलं, बोर्ड रंगवून पोट भरतं का.

राजी संपला, नावं सुरू झाली. मोठ्या गेमसारखी हजार नाहीत, आणि बरीचशी आपल्याकडचीच. मी पाणी आणायला उठलो तर काकांनी हाताला धरून खाली बसवलं. त्यांनी सगळी नावं मोठ्याने वाचली, एकेक, न ओळखणाऱ्या माणसांची. मग बारक्या म्हणाला की तो जुन्या स्टुडिओतनं बाहेर पडलाय, नव्या ठिकाणी बोलणं चालूय, पगार दोन हजारांनी कमी आहे पण मुलाखतीत त्याने एकच गोष्ट विचारली, शेवटी नाव येणार का. ते म्हणाले येईल. काका म्हणाले, “लिहून घे त्यांच्याकडनं.”

काल रात्री त्याचा मेसेज आला. ऑफर लेटरचा फोटो, आणि त्यातल्या सहाव्या मुद्द्याला लाल गोल केलेला.