ऑडिट ते गिलावा: जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा माझा अनुभव

नाशिकरोडच्या आमच्या इमारतीला ३० वर्षं उलटली आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेणं भाग पडलं. वय मोजायचं ते भोगवटा दाखल्यापासून किंवा निम्म्या बांधकामाचा ताबा दिल्यापासून, जे आधी असेल ते. मनपाकडे नोंदणी असलेला इंजिनिअर इमारत तपासतो, दुरुस्ती सुचवतो आणि काम झाल्यावर पुन्हा दाखला देतो. सोसायटीतर्फे हे सगळं पाहताना माझं एक मत पक्कं झालं: गिलावा चढण्याआधी कोणी पाहिलं, यावरच सुरक्षितता ठरते.

गिलावा, रंग, फरशी अशा किरकोळ दुरुस्तीला बांधकाम परवानगी लागत नाही, म्हणून ती पाहायलाही कोणी येत नाही. सर्वांत जास्त लपवाछपवी नेमकी तिथेच होते.

बाल्कनीच्या स्लॅबखाली हातोडीने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर आतली सळई गंजून फुगलेली असते आणि तिने काँक्रीट सुटं केलेलं असतं. ताज्या फोडलेल्या भागावर फेनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारलं की चांगलं काँक्रीट गुलाबी होतं. रंग न बदललेला थर सळईपर्यंत पोचला असेल, तर गंजापासूनचं संरक्षण संपलं असं समजा. वरून गिलावा मारून हे थांबत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडा पुन्हा सुटतो.

आम्ही कंत्राटातच थांबे, म्हणजे तपासणी झाल्याशिवाय काम पुढे न नेण्याचे टप्पे, लिहून घेतले होते. पहिला थांबा फोडण्याआधी: स्लॅबखाली आधाराचे जॅक लागले का? दुसरा सळई उघडी पडल्यावर. सळईच्या मागेही बोट जाईल इतकं, साधारण २० मिमी काँक्रीट काढायचं. कारागीर नेमकं हेच टाळतात, कारण छिन्नीचं काम वाढतं. पण मागचा गंज राहिला तर पुढचा सगळा खर्च वाया. सळईच्या काटछेदाचं क्षेत्रफळ पाव भागाने किंवा जास्त घटलं असेल तर जोडसळई (जुनीच्या बाजूला जोडायची नवी सळई) किती लांब घालायची ते इंजिनिअरने ठरवायचं. तिसरा थांबा सळईवरचा गंजरोधक झिंक प्राइमर वाळल्यावर. त्यानंतरच पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला), तेही १०-१२ मिमीच्या थरांत. एकदम जाड थापलं तर घसरतं आणि तडकतं. प्रत्येक थांब्याला फोटो आणि इंजिनिअरची सही, मगच हप्ता. यावर अजिबात सूट देऊ नका.

विजेचा भार वाढवताना परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्याने इन्सुलेशन आणि अर्थिंग खरंच मोजलं तर त्या कागदाचा उपयोग होतो. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या.

गच्चीचा धोका मात्र कुठल्याच अर्जात दिसत नाही. गळती लागली की जुन्या कोब्यावर, म्हणजे पाणी अडवण्यासाठी गच्चीवर घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर, नवा कोबा घालतात. चार इंच विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो, म्हणजे राहत्या खोलीच्या स्लॅबवर माणसं आणि सामान यांसाठी जितका भार धरतात तितकाच. आम्ही जुना कोबा आधी उतरवला, राडारोडा गच्चीवर साठू न देता रोजच्या रोज खाली नेला, नवा थर झाल्यावर पाइपांची तोंडं बंद करून ४८ तास पाणी साठवलं आणि खालच्या छतांना ओल नाही हे पाहिल्यावरच अखेरचं बिल मंजूर केलं.