नेटवर्क गेलं तरी सेशन चालूच : मॉशबद्दल थोडं

कर्जत सोडलं की बोगदे सुरू, आणि लोणावळ्यापर्यंत मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं येतं-जातं, त्यात सर्व्हरवर एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) करून काही करत बसलात तर टर्मिनल फ्रीझ, कितीही एंटर मारा ढिम्म हलत नाही. एसएसएच टीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलवर चालतं आणि टीसीपीचं कनेक्शन दोन्हीकडच्या आयपी आणि पोर्टला बांधलेलं असतं, त्यामुळे मोबाइल डेटावरून वायफायवर गेलात, आयपी बदलला, की ते कनेक्शन मेलंच.

म्हणून मी सगळ्यांना मॉश (नेटवर्क तुटलं तरी टिकणारं रिमोट टर्मिनल) वापरा म्हणून मागे लागतो. एमआयटीतल्या कीथ विन्स्टीन आणि हरी बालकृष्णन यांनी २०१२ साली यावर पेपर लिहिला. लॉगिन आधीसारखं एसएसएचनेच होतं, तुमच्या कीज (लॉगिनच्या गुप्त किल्ल्या) वगैरे सगळं तेच. मग सर्व्हरवर मॉश-सर्व्हर सुरू होतो, तो एक पोर्ट आणि फक्त त्या सेशनपुरती एक की त्याच एसएसएचमधून पाठवतो आणि एसएसएच बंद. पुढचं सगळं यूडीपीवर (कनेक्शन न बांधता सुटी पॅकेट्स पाठवणारा प्रोटोकॉल), प्रत्येक पॅकेट एईएस-१२८ या पद्धतीने एनक्रिप्ट केलेलं आणि प्रत्येकाला चढता नंबर.

आता खरी भारी गोष्ट. सर्व्हर तुम्हाला आयपीवरून ओळखतच नाही! पॅकेट त्या कीने नीट उघडलं आणि त्याचा नंबर आत्तापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा मोठा असला की ते जिथून आलं तिकडेच यापुढे उत्तर जाणार, बास. मधल्या कोणी जुनं पॅकेट पकडून दुसरीकडून पाठवलं तरी नंबर मागचा, त्यामुळे सेशन तिकडे वळत नाही. लॅपटॉप मिटून घरी जाऊन उघडा, आहे तिथून पुढे सुरू.

नेटवर्क गेलं की वर निळी पट्टी येते, शेवटचा संपर्क किती सेकंदांपूर्वी झाला ते त्यात दिसतं. लाइन स्लो असली तरी तुम्ही टाइप केलेलं लगेच उमटतं, खाली रेघ असते, सर्व्हरकडून कन्फर्म झालं की रेघ जाते. पासवर्ड टाकताना मात्र असं काही उमटत नाही, हे त्यांनी फार विचार करून केलंय.

स्क्रोलबॅक (वर सरकून आधीचं आउटपुट बघणं) नाहीये आणि दुसऱ्या मशीनवरून तेच सेशन पकडता येत नाही, त्यासाठी आत टीमक्स (सर्व्हरवरच टर्मिनल सेशन चालू ठेवणारा प्रोग्राम) लावा. फायरवॉलमध्ये यूडीपी ६०००० ते ६१००० उघडे हवेत, आणि सर्व्हरचं लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ नसेल तर मॉश सुरूच होत नाही, ते आधी चेक करा.