मधला बॉल

लग्नात, बारशात, परवा तर भाजीच्या गाडीशी. "तुमची जोडी का गं मोडली?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "त्या डबल फॉल्टमुळेच ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही.

पेपरात एक ओळ आली होती: टेनिस, महिला दुहेरी, अंतिम फेरी, ६-३, ४-६, १०-८. शेवटचा पॉइंट माझ्या जोडीदारणीच्या डबल फॉल्टने, म्हणजे तिच्या दोन्ही सर्व्हिस चुकून, गेला, हे खरं. त्याच्या आधीचा कुणाला आठवतो?

सुपर टायब्रेक, म्हणजे तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा खेळ, ८-८. सर्व्हिस त्यांची. तिचा रिटर्न चांगला होता, पण नेटवरच्या मुलीने तो आमच्या दोघींच्या बरोब्बर मध्ये ढकलला. जोरसुद्धा नव्हता. डाव्या कोर्टात मी, म्हणजे मधला बॉल माझ्या फोरहँडवर. पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, मधला माझा. मी ओरडले, "तुझा!" ती केव्हाच बाजूला सरकली होती, मला जागा द्यायला. बॉल दोन टप्पे पडून मागच्या हिरव्या कापडाशी घरंगळत गेला. मी त्याच्याकडेच बघत राहिले. तिच्याकडे बघायचं नव्हतं.

मग तिची सर्व्हिस. पहिली नेटमध्ये, दुसरी वीतभर बाहेर.

पार्किंगमध्ये स्कूटीला किट अडकवताना मी म्हणाले, "निदान सर्व्हिस तरी आत टाकायचीस." तिने हेल्मेट घातलं आणि निघून गेली.

पुढे कितीतरी वर्षं मी सांगत होते, डोळ्यांवर ऊन आलं होतं. फायनल रात्री साडेसातला, लाइटखाली झाली होती.

त्यात कुणीतरी सानिया मिर्झा-मार्टिना हिंगिसची जोडी काढतंच. २०१५ च्या विम्बल्डन फायनलला तिसऱ्या सेटमध्ये २-५ वरून जिंकल्या, शिका काहीतरी! अहो, तीन ग्रँड स्लॅम एकत्र जिंकून त्या २०१६ च्या ऑगस्टमध्ये वेगळ्या झाल्याच ना? लगेच सिनसिनाटीच्या फायनलला समोरासमोर आल्या, आणि सानियाने स्ट्रिकोव्हाला घेऊन हिंगिसच्या जोडीला हरवलं. जोड्या मोडतात. हे उत्तर मी खूप वापरलं, सोयीचं आहे. फक्त त्याच ऑक्टोबरात त्या दोघी सिंगापूरला पुन्हा एकत्र उतरल्या होत्या, तेवढं मी सांगत नाही.

डबल फॉल्टचा तिला काय त्रास झाला असेल, हे मला ठाऊक आहे. तो मधला बॉल तिला आठवतो का, हे मात्र मी अजून विचारलेलं नाही.