बारा लाल चौकोन

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या टेस्टरने, म्हणजे गेम खेळून त्यातल्या चुका शोधणाऱ्या मुलीने, मला तिच्या टेबलापाशी बोलावले. "दादा, जरा इकडे येता का? शत्रू गोळ्याच मारत नाहीयेत." कुठल्या लेव्हलला, असे मी विचारले, तर ती म्हणाली, "सातवीपासून पुढे कुठेच नाही. आता चौदावी चालू आहे." सोमवारी गेमचे अंतिम बिल्ड, म्हणजे खेळायला तयार आवृत्ती, प्रकाशकाकडे जायचे होते. शत्रूंचे वागणे ठरवणारा सगळा कोड माझा होता, त्यामुळे खुर्ची ओढून मी तिच्या शेजारी बसलो आणि रात्री साडेदहापर्यंतचा सगळा दिवस तिथेच गेला.

पुण्यातल्या आमच्या सहा जणांच्या स्टुडिओत तेव्हा जुन्या आर्केड वळणाच्या, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरच्या गेमसारख्या, एका शूटरचे (गोळीबाराच्या गेमचे) काम चालू होते. उभी स्क्रीन, खाली डावीउजवीकडे सरकणारे एकच विमान, एक बटण आणि वर चाळीस शत्रूंची फळी. नामको कंपनीचा १९८१ सालचा ‘गॅलागा’ हा आम्हा सगळ्यांचा आदर्श होता आणि आम्ही ते कधी लपवले नाही. स्क्रीनही आम्ही त्याच्याच मापाची, म्हणजे २२४ बाय २८८ बिंदूंची धरली होती. ‘गॅलागा’च्या फळीत वीस मधमाश्या, सोळा फुलपाखरे आणि चार म्होरके असतात. आमच्याकडे चोवीस टोळ, बारा गांधीलमाश्या आणि चार घारी होत्या. ही नावे आमच्या डिझायनरने दिली होती आणि स्टुडिओत आम्ही दिवसभर तीच वापरत असू.

या प्रकारच्या गेममध्ये शत्रू दिसतो कसा यापेक्षा तो कोणत्या नियमाने वागतो हे फार महत्त्वाचे असते. ‘गॅलागा’तला म्होरका जागेवर बसलेला असताना पाडला तर १५० गुण मिळतात, तोच फळी सोडून एकटा खाली झेप घेत असताना पाडला तर ४००, एका साथीदारासह येत असताना ८०० आणि दोन साथीदारांसह येत असताना १६००. दोन गोळ्या लागल्याशिवाय तो मरत नाही. शिवाय मधेच थांबून तो किरण सोडतो आणि खेळाडूचे विमान पकडून नेतो, आणि ते विमान सोडवून आणले तर दोन विमाने जोडीने लढू लागतात. एवढ्या थोड्या नियमांतून खेळाडूच्या मनात सतत हिशेब चालू राहतो, की आत्ता मारावे, की साथीदारांसह खाली येईपर्यंत थांबावे. आमच्या घारीचे वागणे मी याच विचाराने लिहिले होते.

खेळाडूच्या गोळ्यांचाही असाच नियम होता. एका वेळी स्क्रीनवर त्याच्या फक्त दोन गोळ्या असू शकतात. नेम चुकला तर ती गोळी वरच्या कडेबाहेर जाईपर्यंत हात बांधलेले राहतात, आणि शत्रू अगदी जवळ आल्यावर मारली तर ती लगेच लागून मोकळी होते आणि पुढची झाडता येते. म्हणजे जो धोका पत्करून शत्रूला जवळ येऊ देतो, त्याला अधिक वेगाने गोळीबार करता येतो. हा नियम सांगावा लागत नाही, पाचसहा वेळा मेल्यावर खेळाडूच्या बोटांनाच तो कळतो. मला या खेळप्रकाराविषयी जे प्रेम आहे ते अशाच गोष्टींमुळे आहे.

तर त्या सकाळी मी पाहिले तेव्हा टोळ नेहमीसारखे वळणे घेत आत येत होते, फळीत बसत होते, झेपा घेत होते, पण एकही गोळी खाली येत नव्हती. टेस्टरने सहाव्या लेव्हलला काय केले होते ते तिच्या वहीत लिहून ठेवले होते. निळ्या शाईत वेळा आणि त्यापुढे पाच-पाचच्या गठ्ठ्यांत मारलेल्या उभ्या रेघा. शेवटचे दोन टोळ तिने मुद्दाम जिवंत ठेवले होते, कारण एखादा खेळाडू लेव्हल न संपवता नुसता चुकवत बसला तर गेम नीट चालतो का, हे तिला तपासायचे होते. प्रत्येक मिनिटाला किती गोळ्या आल्या हे ती रेघांनी मोजत गेली होती. पहिल्या काही मिनिटांत तीन-तीन गठ्ठे होते, मग दोन, मग एक, आणि अठराव्या मिनिटापुढे कागद कोरा होता. बग, म्हणजे कोडमधला दोष, सापडल्यावर इतकी नीट नोंद हाती येणे किती दुर्मीळ असते, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

शत्रूंच्या गोळ्यांसाठी कोडमध्ये आम्ही बारा जागा राखून ठेवल्या होत्या. गोळी सुटली की एक जागा व्यापली जाते आणि गोळी बाहेर गेली किंवा विमानाला लागली की ती रिकामी होते. बाराच्या बारा भरल्या असतील तर शत्रूला थांबावे लागते. आमच्या स्क्रीनवर बारापेक्षा जास्त गोळ्यांचा माग डोळ्याला ठेवता येत नाही, म्हणून तो आकडा ठरला होता. मी स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात बारा छोटे चौकोन काढले. जागा रिकामी असेल तर करडा, व्यापलेली असेल तर लाल. गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, तिने दोन टोळ राखले आणि आम्ही दोघेही गेमऐवजी त्या कोपऱ्याकडे पाहत बसलो.

चौकोन लाल होत होते आणि विझत होते. तिसऱ्या मिनिटाला त्यांतला एक लाल झाला आणि लालच राहिला. त्या क्षणी स्क्रीनवर गोळी एकही नव्हती. पाचव्या मिनिटाला दुसरा अडकला. एकेक खिडकी बंद व्हावी तसे ते चौकोन अडकत गेले आणि बारावा अडकला तेव्हा घड्याळात साडेसतरा मिनिटे झाली होती. त्यानंतर टोळांनी एकही गोळी झाडली नाही.

कारण सापडायला आणखी दीड तास गेला. शत्रू झेप घेताना कधीकधी डाव्या कडेबाहेर थोडा जातो, म्हणजे डाव्या कडेपासून मोजलेला त्याचा आडवा निर्देशांक शून्याखाली जातो. स्क्रीनबाहेरून गोळी येणे खेळाडूवर अन्याय करणारे असल्यामुळे अशा गोळीची सुरुवात मी शून्यावर, म्हणजे ऐन कडेवर आणून ठेवत होतो. दुसरीकडे, वापरात नसलेल्या गोळ्याही मी शून्यावरच उभ्या करून ठेवत असे आणि गोळ्या पुढे सरकवणारा भाग शून्यावरची गोळी दिसली की ती वापरात नाही असे समजून तिला सोडून देत असे. जागा व्यापल्याची खूण मात्र वेगळ्या ठिकाणी नोंदलेली होती. परिणामी डाव्या कडेवरून सुटलेली गोळी दिसत नव्हती, सरकत नव्हती, बाहेर जात नव्हती आणि तिची जागाही कधीच मोकळी होत नव्हती. एकाच गोष्टीसाठी मी दोन खुणा ठेवल्या होत्या आणि त्या दोघींचे एकमेकींशी जुळत नव्हते. त्यात लेव्हल बदलताना आम्ही त्या बारा जागा नव्याने पुसत नव्हतो, म्हणून अडकलेली जागा गेम संपेपर्यंत अडकलेलीच राहत होती.

हे लक्षात आले तेव्हा मला क्षणभर काही बोलवेना, कारण ही गोष्ट मी पूर्वी वाचलेली होती. खुद्द ‘गॅलागा’त हाच दोष आहे आणि जुने खेळाडू तो युक्ती म्हणून वापरत आले आहेत. फळीच्या डाव्या बाजूच्या दोन मधमाश्या शिल्लक ठेवायच्या, सुमारे पंधरा मिनिटे त्यांना चुकवत राहायचे आणि त्यांनी गोळ्या थांबवल्या की त्यांना मारून पुढे जायचे. त्यानंतर त्या डावात कोणताच शत्रू गोळी झाडत नाही. तिथेही कारण कडेवरून सुटणाऱ्या गोळीचेच आहे. शून्यावरची गोळी अस्तित्वातच नाही असे त्या प्रोग्रामला वाटते आणि तिची जागा कायमची अडकून पडते. त्या गेमचे रूप आणि नियम आम्ही जाणूनबुजून घेतले होते. त्याचा दोष मात्र माझ्या कोडमध्ये माझ्या नकळत, माझ्याच विचारांच्या वाटेने आला होता.

जेवणाच्या वेळी डिझायनरला सांगितले तेव्हा तो खूश झाला. "अरे, मग राहू दे की! लोकांना अशा गुप्त युक्त्या आवडतात." त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेऊ शकत नव्हतो. १९७८ साली आलेल्या तैतोच्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मध्ये पाच ओळींत अकरा-अकरा असे पंचावन्न आक्रमक असतात आणि यंत्र दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, त्यांतल्या एकालाच हलवते, म्हणून जसजसे ते मरतात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढत जातो. त्या गेमचे जनक तोमोहिरो निशिकादो यांनी यंत्राची ही मर्यादा दुरुस्त केली नाही, गेमचा प्राण म्हणून ठेवून दिली. मग अपघाताने आलेली आमची गोष्ट का काढावी?

ते ठरवण्यासाठी मी गोळ्या बंद पडलेला गेम अर्धा तास खेळलो. दहा मिनिटांत माझे विमान मधोमध थांबले आणि बोट नुसते बटणावर आपटत राहिले. शत्रू अंगावर येत होते, धडकले तर विमान फुटतही होते, पण एका झेपेपासून बाजूला होणे सोपे असते. वरून येणारी गोळी खेळाडूची जागा कमी करते. ती डावीकडची वाट बंद करते तेव्हाच उजवीकडून येणारी घार भीतिदायक ठरते. गोळ्या गेल्या आणि घारीला जवळ येऊ देण्यातला धोका गेला, धोका गेल्यावर दोन गोळ्यांच्या नियमालाही अर्थ उरला नाही. ‘स्पेस इनव्हेडर्स’मधल्या अपघाताने शेवटचा शत्रू सर्वांत भयंकर केला होता. आमचा अपघात पुढे गेलेल्या खेळाडूसमोरचे शत्रू नि:शस्त्र करत होता. मी डिझायनरला तसे खेळून दाखवले. पाच मिनिटे पाहून तो म्हणाला, "काढ ते."

दुरुस्ती तासाभरात झाली. वापरात असण्याची एकच खूण ठेवली, जागा प्रत्येक लेव्हलच्या सुरुवातीला पुसायला लावल्या आणि शत्रू कडेबाहेर असताना त्याने गोळीच झाडू नये असा नियम घातला. चार वाजता टेस्टरने नवे बिल्ड खेळायला घेतले आणि नवव्या लेव्हलला तिची तिन्ही विमाने गेली. पुन्हा खेळली, पुन्हा नववीतच गेली. हीच मुलगी आदल्या आठवड्यात सहज सोळावी गाठत होती.

ते पाहून मात्र माझ्या पोटात गोळा आला. दोन टोळ राखून ठेवणे हा टोकाचा प्रकार होता, पण साध्या खेळातही डाव्या कडेवरून अधूनमधून गोळी सुटतच होती. जुने बिल्ड काढून बारा चौकोन लावून पाहिले, तर नेहमीसारखे खेळतानाही बाराव्या लेव्हलपर्यंत चार जागा अडकलेल्या असत. म्हणजे गेले दोन महिने आम्ही जी काठिण्याची चढण घासूनपुसून ठरवत होतो, ती बारापैकी आठच गोळ्या मारू शकणाऱ्या शत्रूंवर ठरवलेली होती. पुढच्या लेव्हल सोप्या वाटतात, अशी तक्रार आली की मी गोळीचा वेग वाढवत गेलो होतो. पहिल्या लेव्हलला गोळी दर फ्रेमला अडीच बिंदू सरकत असे, बारावीला ३.४ बिंदू. फळीपासून विमानापर्यंतच्या १८४ बिंदूंच्या वाटेला पहिल्या वेगाने सुमारे ७४ फ्रेम लागतात, म्हणजे सेकंदाला साठ फ्रेम धरून सव्वा सेकंद. दुसऱ्या वेगाने ५४ फ्रेम, म्हणजे ०.९ सेकंद. आठ गोळ्या असताना तो वेग चालून जात होता. बारा गोळ्या त्या वेगाने आल्या की माणसाला वाट शोधायला वेळच राहत नव्हता.

गोळ्यांची संख्या आठवर आणण्याचा सोपा उपाय डिझायनरने सुचवला. तो मला पटला नाही, कारण बारा गोळ्यांनी स्क्रीनवर जी जाळी तयार होते ती आम्ही या गेमसाठीच कल्पिली होती आणि खरे तर पुढच्या लेव्हलमध्ये ती आम्ही आजवर पाहिलीच नव्हती. मी सगळ्या लेव्हलचा वेग अडीचवर आणला आणि तिथून एकेक लेव्हल नव्याने चढवत नेली. पाचवीपर्यंत वेग अजिबात वाढवायचा नाही, फक्त दोन झेपांमधले अंतर कमी करायचे. दहाव्या लेव्हलपासून घारीने साथीदारांसह येताना त्यांच्या आधी गोळी सोडायची, म्हणजे खेळाडू बाजूला सरकेल आणि साथीदारांच्या वाटेत येईल. टेस्टर खेळत होती, मी आकडे बदलत होतो, डिझायनर मागे उभा राहून खिचडीच्या डब्यातून खात होता. साडेआठला बारावी लेव्हल खेळण्याजोगी झाली. वेग तीनच्या पुढे कुठेच न्यावा लागला नाही.

दहाला तिने शेवटचा डाव घेतला. कोपऱ्यातले चौकोन लाल होत होते, विझत होते, कधी बाराच्या बारा एकदम पेटत होते आणि पुढच्या दोन सेकंदांत सगळे करडे होत होते. बाराव्या लेव्हलला तिने एका घारीला दोन्ही साथीदारांसह विमानाच्या अगदी डोक्यावर येऊ दिले आणि तिघांनाही पाडले. गोळी लगेच मोकळी झाली नसती तर तिसरा पडला नसता. तेराव्या लेव्हलला तिचे शेवटचे विमान गेले. वही उघडून तिने लिहिले : "लेव्हल १३, २९ मिनिटे, सर्व जागा मोकळ्या." मग पेनाचे टोपण न लावताच ती माझ्याकडे वळली.

"दादा, घार उजवीकडून येते ना, तेव्हा तिची गोळी किंचित उशिरा सुटते. डावीकडून तसं होत नाही. उद्या बघू या का?"