टस्कनीतले द्राक्षमळे आणि डोंगरावरची गावं, धावत : सान जिमिन्यानो ते पिएंझा

इटलीतल्या टस्कनीत धावायला जाणार असाल तर किलोमीटर मोजू नका, चढ मोजा. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच ठरतं. इथलं जवळपास प्रत्येक जुनं गाव टेकडीच्या माथ्यावर बसलंय, शत्रू लांबून दिसावा म्हणून, आणि काही भागात खाली दलदल आणि हिवताप होता म्हणून. द्राक्षं मात्र उतारावर, कारण तिथे मुळाशी पाणी साचत नाही, ऊन नीट मिळतं आणि थंडीत गार हवा खाली दरीत सरकून जाते. शेतीसाठी एकदम बरोबर, पण धावणाऱ्यासाठी ह्याचा अर्थ असा की पाणी, कॉफी, जेवण, बस, झोपायची खोली, सगळं चढ संपल्यावरच मिळतं. नकाशावर १२ किमी बघून दीड तासात होईल असं धरलंत तर जेवणाची वेळ हमखास हुकणार. आम्ही किलोमीटरला १० मिनिटं धरत होतो, चढाला चालत आणि सपाटीवर धावत, आणि ते अगदी नीट बसलं.

मी आणि ताई ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यांत गेलो होतो. द्राक्षतोडणी जवळपास उरकलेली होती, पानं पिवळी-तांबडी व्हायला लागलेली, गावात शिरलं की तळघरांतून आंबलेल्या द्राक्षरसाचा वास यायचा. सकाळी सव्वासात-साडेसातला उजाडतं, त्याआधी निघण्यात अर्थ नाही. मला विचाराल तर एप्रिलचा शेवट ते मेअखेर किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, एवढाच काळ धरा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ च्या वर जातो आणि द्राक्षवेलींची सावली गुडघ्याच्या वर येत नाही.

पहिला टप्पा सान जिमिन्यानो ते मोंतेरिज्जोनी, सुमारे ३० किमी. हा विया फ्रांचिजेना ह्या जुन्या यात्रामार्गाचा भाग आहे, कँटरबरीहून रोमला जाणारा, कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक इ.स. ९९० च्या सुमारास रोमहून परतला तेव्हा त्याने मुक्कामांची यादी करून ठेवली होती आणि आजचा मार्ग त्याच यादीवरून आखलाय. लाल-पांढरे पट्टे आणि पाठीवर गाठोडं घेतलेला छोटा यात्रेकरू अशी खूण सतत दिसते, तरी मार्गाची जीपीएक्स फाईल (नकाशावर वाट दाखवणारी) फोनमध्ये उतरवून ठेवाच, कारण मळ्यांच्या मधे तीन-चार पांढरे खडीचे रस्ते एकदम फुटतात आणि सगळे सारखेच दिसतात. सान जिमिन्यानोत एकेकाळी ७२ मनोरे होते म्हणतात, आता १४ उरलेत, १९९० पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि दिवसा गर्दी भयंकर. म्हणून आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा आणि उजाडताना निघा, मोकळे रस्ते फक्त तेव्हाच मिळतात. गावाखालचे मळे वेर्नाच्याचे, पांढऱ्या वाईनचं द्राक्ष. १९६६ मध्ये इटलीने डीओसी हा दर्जा (ठरलेल्या भागातली, ठरलेल्या पद्धतीची वाईन असा सरकारी शिक्का) द्यायला सुरुवात केली तेव्हा तो सगळ्यात आधी हिला मिळाला.

ह्या टप्प्यात उतार-चढ छोटे पण संपतच नाहीत. मधे ओढे आहेत, पाऊस होऊन गेला असेल तर बूट भिजणार असं धरूनच चला आणि जास्तीचे मोजे प्लास्टिकमध्ये ठेवा. आबादिया आ इझोला हा जुना मठ आला की मोंतेरिज्जोनी जवळच आहे. तेराव्या शतकात सिएनावाल्यांनी फ्लोरेन्सवर नजर ठेवायला बांधलेला हा तट, चौदा बुरूज, इटालियन कवी दांतेने इन्फेर्नो ह्या काव्यात राक्षसांचं वर्णन करताना ह्याच बुरुजांची उपमा दिलीय. टेकडी बुटकी आहे पण शेवटची चढण खडी आणि दगडगोट्यांची, तिथे शांतपणे चालत जा. आत गाव म्हणजे एक चौक आणि दोन गल्ल्या, मुक्कामाच्या खोल्या मोजक्या, बुकिंग लवकर करा.

मोंतेरिज्जोनी ते सिएना २० किमीच्या आसपास, बराचसा ओकच्या जंगलातून. आम्ही हा टप्पा मुद्दाम शुक्रवारी ठेवला आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. इटलीत शिकारीचा मोसम सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सुरू होतो आणि ३१ जानेवारीला संपतो, आणि मंगळवार-शुक्रवार हे दोन दिवस कायद्यानेच शिकार बंद असते. रानडुकरांची हाका घालून शिकार होते तेव्हा रस्त्याच्या तोंडाशी बोर्ड लावतात, त्यावर ‘काच्चा आल चिंग्याले’ असे शब्द दिसले की मागे फिरा, दुसरा रस्ता धरा. जंगलाचे टप्पे मंगळवारी-शुक्रवारी आणि उघड्या मळ्यांचे टप्पे बाकीच्या दिवशी, असं आखलं की डोक्याला ताप नाही. भडक रंगाचा टीशर्ट तरीही घालाच.

सिएनात आम्ही फार धावलो नाही, फक्त सकाळी एकदा विया सांता कातेरिना चढून पियाझ्झा देल काम्पोत गेलो. हीच ती स्त्रादे बियांके सायकल शर्यतीची शेवटची चढण, सगळ्यात खड्या जागी १६ टक्के, दोन्ही बाजूला उंच घरं आणि खाली फरसबंदी. सायकलवाले पावणेदोनशे-दोनशे किमी झाल्यावर हे चढतात हे आठवलं की अंगावर काटा येतो. २ जुलै आणि १६ ऑगस्टला इथे पालियोची घोड्यांची शर्यत असते, त्या तारखांच्या आसपास धावायला म्हणून येऊ नका, खोली मिळणार नाही आणि चौकात पाय ठेवायला जागा नसते.

आता खरी मजा, किआंती, म्हणजे सिएना आणि फ्लोरेन्सच्या मधला डोंगराळ वाईनचा प्रदेश. राद्दा गाव साधारण ५३० मीटरवर, एका डोंगरधारेवर लांबट पसरलेलं, समोरच्या धारेवर वोल्पाया आणि मधे पेझा नदीची दरी. राद्दाहून खाली उतरायचं, मळ्यांतून आणि चेस्टनट-ओकच्या झाडीतून वोल्पायापर्यंत चढायचं, तिथल्या छोट्या चौकात कॉफी घ्यायची आणि दुसऱ्या वाटेने परत. सगळं धरून १४ किमीच्या आसपास होतं आणि चढ भरपूर, कारण जाताना एकदा आणि येताना एकदा असे दोन्हीकडचे चढ पडतात. ताई म्हणाली, “एवढं सुंदर काही बघायला मिळणार असेल तर मी चारदा चढेन,” आणि ती खरोखरच पुढच्या सकाळी तिथेच परत गेली. वोल्पाया हे अख्खं गाव आतून वाईनचा कारखाना आहे म्हणा ना, जुन्या चर्चमध्ये आणि घरांच्या तळाशी पिंपं ठेवलीयत आणि रस तळघरांतून भिंतीतल्या नळ्यांनी फिरतो, बाहेरून मात्र नुसतं दगडी खेडं.

१७१६ मध्ये टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोझिमोने फर्मान काढून किआंतीची हद्द ठरवली, वाईनच्या प्रदेशाची अशी हद्द आखण्याचं हे जगातल्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक आहे. आज बाटलीवर काळा कोंबडा दिसतो तो ह्याच जुन्या भागाच्या किआंती क्लासिकोचा, निदान ८० टक्के सांजोवेझे द्राक्ष असलेली. रस्त्याच्या कडेला पण तोच कोंबडा पाट्यांवर दिसत राहतो.

रस्त्यांबद्दल जरा नीट सांगते. ‘स्त्रादे बियांके’ म्हणजे हे पांढरे खडीचे रस्ते, खाली कडक आणि वर सुटे बारीक खडे, उतारावर पाय सरकतो. गाड्यांच्या चाकांनी दाबलेला पट्टा पकडून धावा, मधल्या ढिगाऱ्यावर नको. फार खोल दातांचे ट्रेल शूज लागत नाहीत, मध्यम पकड आणि जाड सोल पुरतो. हे रस्ते आज टिकून आहेत त्यात सायकलवाल्यांचा मोठा वाटा आहे, डांबर पडून ते संपू नयेत ह्याच विचाराने १९९७ मध्ये किआंतीतल्याच गायोले गावाहून एरोइका ही जुन्या सायकलींची राइड सुरू झाली. तिचा २०९ किमीचा कायमचा खुणा केलेला मार्ग आहे, त्यातले तुकडे धावायला फार छान, विशेषतः ब्रोलियोच्या किल्ल्याकडे सायप्रसच्या रांगांतून चढणारा. त्या किल्ल्यातल्याच बेत्तिनो रिकासोलीने १८७२ मध्ये किआंतीत कुठलं द्राक्ष किती घालायचं ते लिहून ठेवलं. एरोइका राइड ऑक्टोबरच्या सुरुवातीला असते, त्या रविवारी इथे धावायला जाऊ नका.

डांबरी रस्ते टाळता येतील तेवढे टाळा. एसआर २२२, म्हणजे किआंतिजाना, फोटोत फार गोड दिसतो पण कडेला पाय ठेवायला जागा नाही, वळणं आंधळी आणि गाड्या जोरात. अगदीच जावं लागलं तर समोरून येणारी गाडी दिसेल अशी डावी बाजू धरा.

मळ्यांतून जाताना दोन वेलींच्या रांगांमध्ये शिरू नका, ती कोणाची तरी रोजीरोटी आहे, आणि द्राक्ष तोडून खाऊ नका, एकसुद्धा. वसंतात-उन्हाळ्यात गंधक आणि तांब्याच्या औषधांची फवारणी चालू असते, ट्रॅक्टर दिसला तर थांबून वारा कुठला आहे ते बघा. बऱ्याच मळ्यांना रानडुकरं आणि हरणं येऊ नयेत म्हणून विजेची तार असते, हात टेकवून फोटो काढू नका. रांगेच्या टोकाला गुलाबाचं झाड दिसेल, भुरी रोगाची चाहूल आधी गुलाबाला लागते अशी जुनी समजूत, म्हणून लावायचे.

पाणी. गावच्या चौकात नळ असतो, ‘नोन पोताबिले’ लिहिलेलं असेल तर पिऊ नका. मळ्यांच्या मधे काहीही मिळत नाही म्हणून दीड लिटर पाठीवर घेऊनच निघा. आणि टस्कनीचा पाव बिनमिठाचा असतो, अगदी शून्य मीठ, त्यामुळे घामातून गेलेलं मीठ पावातून परत मिळेल असं समजू नका, ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा किंवा पिएंझाचं पेकोरीनो चीज खा, ते छान खारट असतं. शाकाहारी लोकांनी काळजी करू नये, पाप्पा आल पोमोदोरो (टोमॅटो-पावाचं सूप), रिबोल्लीता (भाज्या, घेवडा आणि पावाचं सूप), पीची आल्यिओने (लसणाच्या सॉसचा जाड पास्ता), पोट भरतं, फक्त सूपमध्ये मांस आहे का ते विचारा. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद ती थेट साडेसातला उघडतात, आणि छोट्या गावातली दुकानं दुपारी एक ते चार बंद. म्हणून सकाळी बारमध्ये उभ्यानेच कॉफी आणि कोर्नेत्तो (क्रोसाँसारखा गोड पाव), कॉफी दीड युरोच्या आतबाहेर, आणि दुपारचं जेवण दीडच्या आत. वाईन टेस्टिंग करायचं असेल तर धावणं संपवून, अंघोळ करून, संध्याकाळचं बुक करा. मधेच थांबून घोट घ्यायचा आणि पुढे उतार धावायचा हे पाण्याच्या कमतरतेत आणि सुट्या खडीवर खरंच धोक्याचं आहे.

शेवटचा भाग व्हाल दोर्चा, म्हणजे सिएनाच्या दक्षिणेचं ओर्चा नदीचं खोरं, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. इथे मळे कमी आणि गव्हाची उघडी टेकाडं जास्त, सावली जवळपास नाहीच. पिएंझा (हे अख्खं गाव पोप पिउस दुसऱ्याने १४५९ पासून नव्याने बांधून घेतलं) ते सान क्वीरिको १० किमीच्या आसपास, विटालेटाच्या छोट्या चॅपलवरून, आणि तिथून विन्योनी आल्तो ह्या इवल्या वाडीवरून बान्यो विन्योनी. तिथे गावचा चौक म्हणजेच गरम पाण्याचं कुंड आहे, त्यात उतरायला बंदी आहे, पण तेच पाणी खाली जुन्या गिरण्यांच्या बागेत पाटांतून वाहतं, तिथे फुकट पाय सोडून बसता येतं. दुखऱ्या पोटऱ्यांना त्याच्याइतकं बरं काही वाटलं नाही. पाऊस पडला असेल तर मात्र हा टप्पा दोन दिवस पुढे ढकला, इथली चिकणमाती बुटाला अशी धरते की पाय उचलवत नाही.

येण्याजाण्याचं म्हणाल तर ट्रेनने पोज्जिबोन्सी, तिथून बसने सान जिमिन्यानो. सिएनाहून राद्दा आणि पिएंझाला बस आहेत पण कमी, आणि रविवारी जवळजवळ नाहीतच, त्यामुळे रविवार हा मुक्कामाच्या गावातून गोल फेरी मारायचा दिवस ठेवा. गाडी नसेल तर लांबच्या शेतघरात राहू नका, गावात राहा. सामान पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या सेवा फ्रांचिजेनावर सहज मिळतात, किआंतीत मुक्कामाच्या मालकांनाच आधी विचारा. खोलीच्या भाड्यावर माणशी रात्रीचा शहर कर वेगळा द्यावा लागतो. अडचण आली तर ११२ ला फोन करा.

शर्यतच करायची असेल तर मार्चमध्ये राद्दाला किआंती अल्ट्रा ट्रेल, एप्रिलमध्ये व्हाल दोर्चात टस्कनी क्रॉसिंग, ऑक्टोबरमध्ये कास्तेल्नुओव्हो बेरार्देंगाची इकोमॅरेथॉन. आणि हाताशी एकच दिवस असेल तर बाकी सगळं सोडा, आदल्या रात्री राद्दात राहा आणि सकाळी वोल्पायाची फेरी करा.