५४ इंचांचं धनुष्य आणि माझी बोटं

पहिलं धनुष्य मी काहीही न मोजता घेतलं. ५४ इंचांचं, आटोपशीर, पाठीला लावून गाडीवरून नेता येईल असं. विकणाऱ्यानं उंची विचारली, "चालतंय की" म्हणाला, मी पैसे दिले.

पंधरा दिवसांत बोटं चेमटून सुजली. पूर्ण ओढ घेतली की बाणाच्या खोबणीपाशी दोरीचा कोन इतका अरुंद व्हायचा की तर्जनी आणि अनामिका मधल्या बोटावर आवळली जायची. सोडताना दोरी बोटांत अडखळायची आणि बाण कधी डावीकडे, कधी उजवीकडे. शिवाय शेवटच्या दोन इंचांत ओढ एकदम जड व्हायची, भिंत लागल्यासारखी. म्हणून मी तिथं पोचायच्या आधीच सोडायचो. वडिलांनी जन्मभर यंत्रमाग चालवला. त्यांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, "दोरीला एवढी घडी पडली तर बोट चेमटणारच. दांडा आखूड पडतोय तुला."

रविवारी मग भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरले आणि वडिलांनी टेपनं माप घेतलं. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत १८७ सेंमी. त्याला अडीचनं भागलं तर जवळपास ७५ सेंमी, म्हणजे साडेएकोणतीस इंच. हा ओढीचा, म्हणजे दोरी किती मागं येते त्याचा, नुसता अंदाज. मैदानावर सरांनी हलकं धनुष्य आणि लांब बाण हातात दिला, हनुवटीपाशी नेहमीच्या जागी हात टेकवायला लावला आणि धनुष्याच्या पुढच्या कडेवर बाणाला पेनानं खूण केली. २९ इंच. "अरे, उंची नको सांगू कुणाला, ही खूण सांग," सर म्हणाले.

२९ इंचांच्या ओढीला बोटांनी ओढायचं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं धनुष्य, ६६ ते ६८ इंचांचं बरं. घोड्यावरून वापरायची धनुष्यं आखूड असायची हे खरं, पण तिथं दोरी बहुधा अंगठ्यानं ओढत, त्यामुळे बोटं चेमटायचा प्रश्न येत नाही. सरांकडची दोन्ही मापं ओढून पाहिली आणि मी ६८ घेतलं. त्यावर २८ इंचांना ३० पौंड लिहिलंय, म्हणजे दोरी तेवढी ओढली की तेवढा जोर लागतो. माझ्या ओढीला दोनेक पौंड जास्तच भरतात, तेही धरूनच निवडलं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र वरचं टोक पत्र्याला लागतं. आता बाहेर उभा राहून आत लावलेल्या गवताच्या लक्ष्यावर मारतो, मागं जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून सैल टांगलेली. चुकलेला बाण तिच्यात अडकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात धनुष्य बंद गाडीत ठेवायचं नाही, आतला डिंक सुटतो, हे मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.

एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. ओढ पूर्ण होऊ लागल्यावर जुने २८ इंची बाण धोक्याचे झाले. टोक धनुष्याच्या मागं सरकलं तर बाण थेट धरलेल्या हातात घुसू शकतो. नवे ३१ इंचांचे घेतले. जुने पुतण्यासाठी ठेवलेत. त्याची ओढ अजून २४ च आहे.